समुद्राचं संशोधन, पण प्रश्न कोणाचे?

जानेवारी २०२० ची गोष्ट आहे. आदल्या हंगामात क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा, अशी दोन वादळं अरबी समुद्रात येऊन गेली होती. रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या बंदरावर होड्या दिवसचे दिवस उभ्या राहिल्या होत्या. अशात एका विद्यापीठाची मुलं सर्वेक्षणाला आली. हवामानबदलाचा मच्छीमारांवर काय परिणाम होतो, हा विषय. मुलं हुशार होती, नम्र होती. पण फॉर्म इंग्रजीत होता, मुलांना ना आमची बोली कळत होती ना उर्दू. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, बंदरावरच्या निम्म्या घरांतली मुलं माझ्या वर्गातून गेलेली. तीन दिवस शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरले.

फॉर्ममध्ये एक रकाना होता : कुटुंबातील मच्छीमाराचं नाव. त्याखाली बोटीचा प्रकार, इंजिनाची ताकद, महिन्याला किती फेऱ्या. शेजारी 'पत्नीचा व्यवसाय'. एका घरी आम्ही पोचलो तेव्हा घरातली खाला अंगणात बांगड्याला मीठ लावत बसली होती. चाळीस वर्षं ती हेच करते आहे. लिलावात मासळी घेणं, साफ करणं, खारवणं, वाळवणं, आठवड्याच्या बाजाराला नेणं, उधारी वसूल करणं. नवरा वारल्यावर तीन मुलं तिने याच कामावर वाढवली. एक मुलगा आता ट्रॉलरवर खलाशी आहे. मी 'मच्छीमाराचं नाव' या रकान्यात मुलाचं नाव लिहिलं. खालाच्या नावापुढे काय लिहायचं, हे विचारल्यावर मुलं म्हणाली, "मॅडम, गृहिणी लिहा." आणि मी लिहिलं. माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात.

मुलं गेली. नंतर टाळेबंदी आली, त्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. खाला दर ईदला भेटली की एकच विचारायची, "टीचर, त्या कागदाचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते संशोधन कुठे छापून आलं, त्यात काय निघालं, त्याचा कुणाला उपयोग झाला, यातलं काहीच आमच्यापर्यंत परत आलं नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे 'ओशन इक्विटी' हा शब्द आता विद्यापीठांच्या जगात बराच ऐकू येतो. मराठीत त्याला काय म्हणावं? सागरी समता म्हणता येईल, पण मला 'समन्याय' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. समन्यायी पाणीवाटप हा शब्द महाराष्ट्राने स्वतःच्या दुष्काळातून आणि भांडणातून कमावलेला आहे. धरणाचं पाणी वरच्याने किती घ्यायचं, खालच्याने किती, ज्याची जमीन धरणात बुडाली त्याचा हक्क किती, हे प्रश्न आपल्याला समजावून सांगावे लागत नाहीत. तोच प्रश्न समुद्राला लावा. समुद्राचा फायदा कोण घेतो, नुकसान कोण सोसतो आणि निर्णयाच्या खोलीत कोण बसतो? सागरी समन्यायाचा अभ्यास म्हणजे हे तीन प्रश्न.

हवामानबदलाने हे प्रश्न फार टोकदार केले आहेत. माणसाने धूर सोडून पृथ्वीवर जी जादा उष्णता साठवली, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्साही त्यानेच शोषला. या उपकाराची किंमत समुद्राला आणि त्यावर जगणाऱ्यांना मोजावी लागते. पाणी तापलं की मासे गार पाण्याच्या शोधात सरकतात, म्हणजे ध्रुवांकडे किंवा खोल. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम च्युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अंदाज मांडला होता की २०५५ पर्यंत उत्तरेकडच्या थंड समुद्रांत मिळू शकणारी मासळी ३० ते ७० टक्क्यांनी वाढेल आणि उष्ण कटिबंधात ती ४० टक्क्यांपर्यंत घटेल. थोडक्यात, ज्या देशांनी सर्वांत जास्त धूर सोडला त्यांच्या दारात मासे चालले आहेत आणि ज्यांनी सर्वांत कमी सोडला त्यांच्या दारातून निघून जात आहेत. एवढा उलटा हिशेब आमच्या सातवीच्या मुलालाही खटकेल.

आपला अरबी समुद्र या हिशेबात मागे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं हे मोजत आले आहेत. पश्चिम हिंदी महासागरातल्या वनस्पतीप्लवकांत, म्हणजे माशांच्या अन्नाच्या पहिल्या घासात, सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचं त्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. तिकडे केरळात तारलीचं उत्पादन २०१२ मध्ये जवळजवळ चार लाख टन होतं, ते २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेलं. त्यामागे अति मासेमारीबरोबर एल निनोसारख्या समुद्री बदलांचा हात असल्याचं शास्त्रज्ञ सांगतात. ज्या घरात मासळीवर चूल पेटते, तिथे हे आकडे नसून उपाशी आठवडे असतात.

मग विद्यापीठांनी काय केलं? खूप वर्षं त्यांनी मासे मोजले, माणसं मोजली नाहीत. समुद्रविज्ञान म्हणजे तापमान, क्षारता, प्रवाह, प्रजाती. ते आवश्यकच आहे. पण नुकसान कोणाच्या ताटात पडतं, हे थर्मामीटर सांगत नाही. ही उणीव भरून काढायला काही मोठे प्रयत्न झाले. २०१९ मध्ये जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाला दहा वर्षांसाठी सव्वातीन कोटी डॉलर दिले आणि 'ओशन नेक्सस' नावाचं केंद्र उभं राहिलं. पुढे ते ऱ्होड आयलंड विद्यापीठात गेलं. त्याचे प्रमुख योशिताका ओता हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक. अनेक देशांतल्या विद्यापीठांचे संशोधक त्यात जोडलेले आहेत आणि त्यांचं म्हणणं थेट आहे : समुद्राचं संकट हे मुळात माणसामाणसांतल्या अन्यायाचं संकट आहे, तो अन्याय बाजूला ठेवून शोधलेला उपाय टिकत नाही.

दुसरा प्रयत्न मला आणखी जवळचा वाटला. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश ही संस्था, या तिघांनी मिळून ५८ देशांतून माहिती गोळा केली. शेकडो तज्ज्ञ त्यात होते. त्याचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्याने सांगितलं की जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीपैकी किमान ४० टक्के मासळी लहान मच्छीमार पकडतात. मासेमारीतल्या एकूण रोजगारापैकी ९० टक्के रोजगार त्यांच्याकडे आहे. आणि या लहान मासेमारीत काम करणाऱ्या दर दहा माणसांपैकी चार बाया आहेत. मासळी किनाऱ्याला लागल्यानंतरच्या कामात तर त्या निम्म्याच्या आसपास आहेत.

दहातल्या चार! हा आकडा वाचला तेव्हा मी माझ्याच अक्षरातला 'गृहिणी' हा शब्द आठवून गप्प बसले. असे अहवाल निघण्याआधी त्या चौघी नव्हत्या असं नाही. त्या होत्या, पण फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता. आणि ज्याला रकाना नाही त्याला नुकसानभरपाई नाही. वादळानंतर पंचनामा होतो तो होडीचा, जाळ्याचा, इंजिनाचा. अंगणात वाळत घातलेली आणि पावसाने सडून गेलेली मासळी कोण मोजतं? म्हणून मी म्हणते की मोजणी ही निव्वळ तांत्रिक गोष्ट नाही. कोणाला मोजायचं हे ठरवणं म्हणजे कोणाला हक्क द्यायचा हे ठरवणं.

आता नाण्याची दुसरी बाजू. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस यांनी २०२० मध्ये एका लेखात अशा विज्ञानाला 'वसाहतवादी विज्ञान' म्हटलं. श्रीमंत देशातला संशोधक विमानाने उतरतो, नमुने आणि मुलाखती गोळा करतो, परत जातो, पेपर छापतो. स्थानिक माणूस त्यात वाटाड्या असतो, दुभाषा असतो, फार तर आभाराच्या ओळीत असतो. पॅराशूटने उतरून तसंच निघून जाणारं विज्ञान, असंही त्याला म्हणतात. ही केवळ तक्रार नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने प्रवाळ बेटांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा हिशेब काढला. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये केलेल्या कामांवरच्या ४० टक्के लेखांत त्या देशातला एकही शास्त्रज्ञ नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत हे प्रमाण २० टक्के होतं. दोन्हीकडचा समुद्र तोच, प्रवाळही तसेच. फरक फक्त यजमान किती गरीब आहे एवढाच.

आणि हे केवळ गोरे विरुद्ध काळे असंही नाही. आमच्या बंदरावर आलेली मुलं आपल्याच देशातली होती. शहरातून खेड्यात, इंग्रजीतून बोलीत उतरतानाही पॅराशूट वापरता येतं.

यातला सर्वांत मोठा धोका उपायांमध्ये आहे. हवामानबदलावरचा उपाय म्हटला की आपण डोळे झाकून बरं म्हणतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कुनमिंग-मॉन्ट्रियल कराराने जगाने ठरवलं की २०३० पर्यंत जमीन आणि समुद्र यांचा ३० टक्के भाग संरक्षित करायचा. हेतू चांगलाच आहे. पण हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा इतिहास पाहा. अमेरिकेच्या लष्करी तळासाठी ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या रहिवाशांना हाकलून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडलं. मग २०१० मध्ये त्याच बेटांभोवती जगातलं त्या वेळचं सर्वांत मोठं सागरी अभयारण्य जाहीर केलं, मासेमारी बंद केली. अनेक शास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या. परतीची वाट पाहणाऱ्या चागोसवासीयांना कुणी विचारलं नाही. अखेर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने निर्णय दिला की हे करताना ब्रिटनने समुद्रविषयक कायद्याचा भंग केला. प्रवाळ वाचला पाहिजे, पण त्यासाठी माणसाला घराबाहेर ठेवून त्याला निसर्गप्रेम म्हणणं हे मला मान्य नाही.

पैशाचं गणितही असंच वाकडं आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातलेच अर्थतज्ज्ञ रशीद सुमैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब केला की २०१८ मध्ये जगभरच्या सरकारांनी मासेमारीला सुमारे ३५.४ अब्ज डॉलरची अनुदानं दिली. त्यातले २२ अब्जांहून अधिक अशा कामांना गेले, ज्यामुळे जास्त जहाजं जास्त खोलवर जाऊन जास्त मासे उपसतात. आणि अनुदानाचा पाचातला चार भाग मोठ्या मासेमारीकडे जातो. म्हणजे समुद्र रिकामा करायला सरकारी पैसा, आणि रिकाम्या समुद्रामुळे उपाशी राहणाऱ्याला सल्ला : पर्यायी व्यवसाय शोधा.

काही वाचक म्हणतील, मॅडम, हवामानाचं संकट दारात उभं आहे. अशा वेळी गावोगाव बैठका घेत बसलो तर संशोधन कधी पूर्ण होणार? विज्ञान विज्ञानासारखं होऊ द्या. या म्हणण्यात तथ्य आहे. मीही विज्ञानाच्या विरोधात नाही. वादळाची सूचना आता मोबाइलवर येते आणि तिने आमच्याच पोरांचे जीव वाचवले आहेत, ते विज्ञानच आहे. पण घाई फक्त विचारपूस करतानाच का आठवते? पेपर छापून यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तेव्हा कुणाला घाई नसते. शिवाय ज्याला विचारलं नाही तो उपाय पाळत नाही. बंदी कागदावर राहते आणि जाळं पाण्यात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो मी स्वतःलाच विचारते. स्थानिक म्हणजे सगळे निष्पाप का? मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी वाद मिटला नाही. या भांडणात दोन्ही बाजूंना आपलीच माणसं आहेत, मुसलमानही आहेत आणि हिंदूही. नाखवा आणि खलाशी एकाच सफ्यात नमाजला उभे राहतात, पण वाट्याचा हिशेब करताना एका रांगेत नसतात. त्यामुळे एखाद्या संशोधकाने बंदरावर येऊन जमातीच्या चार पुढाऱ्यांशी चर्चा केली आणि 'समाजाचा सहभाग घेतला' असं लिहिलं, तर तेही पुरेसं नाही. समन्याय हा देशादेशांत हवा तसा बंदरावरच्या बंदरावरही हवा. आणि घराघरातही.

मग मागायचं काय? मला चार गोष्टी सुचतात. पहिली, प्रश्न ठरवतानाच किनाऱ्यावरची माणसं, त्यातही बाया आणि खलाशी, बसलेली असावीत. फॉर्म छापून झाल्यावर नव्हे. दुसरी, स्थानिक माणसाने माहिती गोळा केली, अर्थ लावला, तर त्याचं नाव लेखकांत असावं आणि त्याला कामाचा मोबदला मिळावा. आमच्या रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. बाहेरच्या प्रकल्पांनी त्यांना धाकटा भाऊ न समजता बरोबरीचा भागीदार समजावं. तिसरी, निष्कर्ष परत यावेत, तेही मराठीत, उर्दूत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी जेटीवर बसून बोलीत. चौथी, पुढच्या पिढीसाठी जागा. प्रकल्पाच्या पैशातून किनाऱ्यावरच्या एखाद्या मुलीचं पुढचं शिक्षण झालं तर तो सर्वांत टिकाऊ निष्कर्ष असेल.

हे मागताना आपल्या पदरात काय आहे तेही पाहायला हवं. आमच्या शाळेतल्या मुलांना मासे ओळखायला शिकवावं लागत नाही. कोणत्या वाऱ्यात कोणता मासा लागतो, हे पाचवीचा पोरगा सांगतो. पण दहावीनंतर उर्दू माध्यमातून विज्ञान शाखेत जाणारी मुलं मी बोटांवर मोजते, कारण तिथे सगळं एकदम इंग्रजीत होतं. मुली तर त्याहून कमी. मासळीच्या धंद्यातल्या बापाला मुलगा होडीवर हवा असतो आणि मुलगी घरात. मत्स्यविज्ञान हा आपल्या मुलींसाठी सन्मानाचा मार्ग आहे, हे आपल्याकडे जुम्म्याच्या बयानातही कुणी सांगत नाही आणि पालकसभेतही नाही. संशोधनाच्या टेबलावर आपली खुर्ची नाही म्हणून ओरडताना, खुर्चीपर्यंत जाणारा जिना आपणच बंद केलेला नाही ना, हेही विचारलं पाहिजे.

मी माझ्यापुरतं छोटं काम सुरू केलं. दोन वर्षांपासून सातवी-आठवीची मुलं एक वही ठेवतात. आज बंदरावर कोणती मासळी आली, बोलीत तिचं नाव काय, मराठीत काय, उर्दूत काय, लिलावात भाव किती, आणि घरातल्या मोठ्यांना ती पूर्वी याच महिन्यात दिसायची का. शेवटच्या रकान्यात मासळीवर घरात कोणी कोणी काम केलं ते लिहायचं. त्या रकान्यात आई, दादी, खाला, फुफी यांची नावं येतात. हे काही विद्यापीठाचं संशोधन नव्हे. पण मोजण्याचा हक्क आपलाही आहे, एवढं त्या मुलांना कळावं.

गेल्या महिन्यात आणखी एका चमूचा फोन आला. विषय तोच, भाषा तीच, विनंतीही तीच : मॅडम, तीन दिवस आमच्याबरोबर याल का? या वेळी मी लगेच हो म्हटलं नाही. तीन गोष्टी विचारल्या. फॉर्म छापण्याआधी बंदरावरच्या बायांना दाखवाल का? माझ्याबरोबर फिरणाऱ्या माजी विद्यार्थिनींना मानधन आणि श्रेय द्याल का? निष्कर्ष घेऊन परत याल का, आणि कधी, ते लेखी द्याल का? पहिल्या दोन गोष्टींना होकार आला. तिसऱ्यावर, "वर विचारून सांगतो."

उत्तर अजून यायचं आहे. ते आल्याशिवाय मी खालाच्या दारात जाणार नाही.